काळ्या गच्चीवरच्या वड्या

परवा ऑफिसातून परतताना बीरगावच्या अलीकडच्या वळणावर रखियांचा ढीग दिसला आणि मी स्कूटी थांबवली. रखिया म्हणजे आपलं कोहळं. इकडे छत्तीसगडात सगळे रखियाच म्हणतात, आणि आम्हा नागपूरकडून आलेल्यांच्या तोंडीही आता तेच बसलं आहे. अंगावर पांढरी भुकटी घेतलेली ती बोजड फळं पोत्यावर मांडून एक बाई बसली होती. "के ठन देवंव, दीदी?" तिने विचारलं. किती देऊ, म्हणून. मी काहीच बोलले नाही. बिचारीला वाटलं असेल, ही भाव पाडायला उभी आहे. तिने आपणहून भाव कमी केला. तरी मी नुसतीच उभी. सहा वर्षं झाली, आमच्या घरात रखिया आलेला नाही.

त्याआधी दर वर्षी यायचा. दिवाळीच्या पणत्या धुऊन माळ्यावर ठेवल्या की आई बाजाराची पिशवी घेऊन तयार. उडदाची डाळ भिजवायची, चोळून चोळून सालं काढायची, वाटायची. रखिया किसायचा, त्याचं पाणी पिळून काढायचं. मग दोन्ही एकत्र करून हात दुखेपर्यंत फेटायचं, आणि गच्चीवर धुतलेलं धोतर अंथरून त्यावर बोटांनी वड्या टाकायच्या. हे सगळं आई शेजारच्या देवकी दीदींकडून शिकली. देवकी दीदी इथल्याच, छत्तीसगडी. त्या बरी म्हणायच्या, आई वडी म्हणायची, आणि कोणाचं पीठ जास्त हलकं झालं यावरून दोघींची दर हिवाळ्यात जुंपायची. वाटीभर पाण्यात पिठाचा थेंब सोडायचा; तरंगला तर जमलं. आईचा बुडाला की ती पाण्याला नावं ठेवायची. "इथलं पाणीच जड आहे बापा," म्हणायची. देवकी दीदींच्या घरी मात्र त्याच नळाचं पाणी हलकं असायचं.

आमच्या कॉलनीत हिवाळा आला हे पायांच्या तळव्यांवरून कळतं. सकाळी अंथरुणातून उठून दारापर्यंत चालत गेलं की तळवे काळे झालेले असतात. वारा फिरतो, कारखान्यांच्या चिमण्यांकडून आमच्याकडे वाहू लागतो, आणि मग होळीपर्यंत तसाच राहतो. त्या वाऱ्याबरोबर जे येतं त्याला आम्ही नुसतं 'काळी' म्हणतो. "आज काळी लय पडली." "काल जरा कमी होती." चिमटीत घेऊन चोळली तर चमकते. दह्यावर झाकण ठेवायचं विसरलं की ते दही गेलं. पांढरे शर्ट घरात पंख्याखाली वाळतात. फरशी पुसल्यावर बादलीतलं पाणी पाहवत नाही. आई रोज सकाळी तुळशीची पानं एकेक धरून ओल्या फडक्याने पुसायची. "पुसू दे वं माय तुह्यं तोंड," असं तुळशीला समजवायची. तुळस काय बोलणार, उभी राहायची बिचारी.

हे घर सोडतीत निघालं तेव्हा आम्ही रायपूरच्या जुन्या वस्तीत, ब्राह्मणपाऱ्यात भाड्याने राहत होतो. दोन खोल्या, जिना घरमालकाचा, नळ सगळ्यांचा, आणि पाणी कमी आलं की भांडणं आपापली. माझे वडील रेल्वेत होते. ते गेले, क्वार्टर सुटलं आणि आई माझ्याकडे आली. मला भाऊ नाही. सोडतीत नंबर लागल्याचं कळलं तेव्हा आमच्या ह्यांनी आख्ख्या वाड्यात पेढे वाटले. परवडणारं घर म्हणतात ते हेच: एक हॉल, एक खोली, ओटा असलेलं स्वयंपाकघर आणि वर गच्ची. आपली गच्ची! आई पहिल्याच दिवशी अनवाणी वर गेली, चारी कोपऱ्यांत फिरून आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नंदे, इथं तं पूर्ण गावाचे पापड वाळतीन." मार्च महिना होता. आभाळ निळं होतं, वारा दुसऱ्या बाजूचा होता. हे घर एवढं स्वस्त काहून, हा प्रश्न आम्हाला थेट नोव्हेंबरात पडला.

आता कॉलनी चांगली बसली आहे. सुरुवातीला सगळी घरं इतकी एकसारखी होती की माणूस न पिताही दुसऱ्याच्या घरात शिरायचा. एकदा आमच्या हॉलमध्ये एक गृहस्थ येऊन, बूट काढून, पंखा लावून बसले होते. आईने चहाही दिला, तिला वाटलं जावयाचे मित्र. मग ज्याने त्याने समोरची जागा आत घेतली, ग्रिल लावलं, कोणी किराणा टाकला, कोणी पिठाची चक्की. गुरुवारी बाजार भरतो. शाळा आहे, देऊळ आहे, औषधांची दुकानं तर चार-चार आहेत. शेजारी चांगले. कोणाकडे काही झालं तर हाक मारावी लागत नाही, माणसं आपणहून येऊन उभी राहतात. रायपुरात आमच्यासारख्यांना याहून जास्त कुठे मिळणार? शहराच्या मध्यात, तात्यापाऱ्यात माझी मामेबहीण राहते. ती दर हिवाळ्यात फोनवर म्हणते, "सोडून द्या ना ते घर." द्या ना! बोलायला तिचं काय जातं! इथलं घर विकून तात्यापाऱ्यात मोरीसुद्धा येणार नाही.

आणि ज्या बाजूने काळी येते, त्याच बाजूला कॉलनीतली निम्मी माणसं सकाळी डबे घेऊन जातात. आमचे हेही एका कारखान्यात काट्यावर आहेत, म्हणजे ट्रकचं वजन करतात तिथे. मी कुरकुर केली की म्हणायचे, "खाल्ल्या घरचे वासे मोजू नये, नंदा." मी म्हणायची, "मोजून नाही राहिली, पुसून राहिली." मग तेही हसायचे आणि मीही हसायची. काय करणार? दारात उभं राहून वाऱ्याला शिव्या घालून वारा काही फिरत नाही.

आई या हसण्यात नसायची. ती जावयाच्या घरी राहत होती, आणि हे ती एक दिवस विसरली नाही. आमच्या ह्यांनी तिला कधी वावगा शब्द वापरला नाही, हे देवासमोर सांगेन. तरी दुसरी पोळी घेताना ती आधी माझ्याकडे पाहायची. कोणी काम सांगितलं की तिचं 'हव' ठरलेलं, हो म्हणून; नाही म्हटलेलं मला आठवत नाही. "लेकीच्या घरचं फुकट नाही खाऊन राहिलो मी," असं देवकी दीदींना सांगायची. आमच्याकडच्या बाया 'मी जातो, मी खातो' असंच बोलतात. मला त्या 'फुकट'चा फार राग यायचा. "फुकट काय वं आई? तुझंच घर आहे हे," मी म्हणायची. "हो ना बाई," असं म्हणून ती उठायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची.

वड्यांच्या दिवसांत मात्र तिचा रुबाब पाहण्यासारखा असायचा. आख्ख्या कोहळ्यावर पहिला वार बाईने करायचा नाही, हा रिवाज आपल्या विदर्भातही आहे आणि छत्तीसगडातही. त्यामुळे तेवढ्या बाबतीत तरी आई आणि देवकी दीदींचं एकमत. पहिला वार पुरुषाने करायचा, पुढचं बायांनी बघायचं. आता सकाळी दहानंतर आमच्या कॉलनीत पुरुष शोधून दाखवा! सगळे ड्यूटीवर. मग आई हातात सुरा घेऊन फाटकात उभी राहायची आणि रस्त्याने जाईल त्याला बोलवायची. एकदा गॅसचा सिलिंडर देणारा आला. "आओ भैया, काटो," आई म्हणाली. तो दोन पावलं मागे सरकला. "क्या काटूं, माताजी?" मी खिडकीतून पाहत होते, हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकदा पोस्टमनने कापला, एकदा वीजमीटर पाहायला आलेल्याने. त्या मीटरवाल्याला आईने वर चहा पाजला, आणि तो बिचारा मीटर न पाहताच निघून गेला.

या घरातल्या तिसऱ्या हिवाळ्यापासून तिला दम लागू लागला. आधी जिना चढताना. मग तुळशीपर्यंत जाताना. गच्चीच्या जिन्यावर ती दोनदा थांबायची, आणि कोणी पाहिलं तर कठडा पुसत असल्याचं सोंग करायची. काळी तर तिथे कायमच असायची, त्यामुळे सोंग खपून जायचं. डॉक्टरने तोंडात मारायचा पंप दिला. तो ती कमरेला चाव्यांच्या जुडग्याशेजारी खोचून ठेवायची. थंडी वाढली की दवाखान्यात नेऊन वाफ द्यायची, दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा गच्चीवर. आधी गच्ची धुवायची, मग धोतर अंथरायचं, मग वड्या, त्यांच्यावर जुनी मच्छरदाणी. दोन वाजले की सगळं उचलून आत. एवढं करूनही प्रत्येक वडीवर बारीक काळे ठिपके यायचे. आम्ही ते मिऱ्यांची पूड आहे असं समजून खायचो.

मी तिला ओरडायची. खूप ओरडायची. "जाऊ नको वर, तुला कितीदा सांगू?" आणि मग जानेवारीत तिच्याच वड्यांची भाजी ऑफिसच्या डब्यात नेऊन मिरवायची. सगळे म्हणायचे, "तुम्हारी मम्मी के हाथ की बरी मतलब बरी." मला बरं वाटायचं. घरी येऊन मी तिला ते सांगायचीही. मग ती पुढच्या वर्षी आणखी एक रखिया जास्त आणायची.

डॉक्टरने साफ सांगितलं होतं, "माताजी को ठंड में इधर मत रखिए." मग ठेवायचं कुठे? नागपूरला मावशी आहे. ती म्हणाली, "दिवाळी ते होळी माझ्याकडे पाठवून दे, आम्ही दोघी बहिणी भांडू मस्त." तिकिटाचं बोलणं झालं, आईने बॅगही भरली. पण मी पाठवलं नाही. आता खरं काय ते सांगून टाकते. माझी मुलगी मिनू शाळेतून एकला यायची, आम्ही दोघं सहानंतर. मधल्या वेळात तिला कोण बघणार? आई नसली तर माझी नोकरी अडत होती. मी आईला म्हटलं, "या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी नक्की." तिने बॅग रिकामी केली आणि लुगडी पुन्हा घडी करून ठेवली. असे दोन हिवाळे 'पुढच्या वर्षी'त गेले. तिसरा तो.

त्या दिवशी मिनूच्या शाळेला सुट्टी होती. मी सकाळी डबा भरत होते. डाळ वाटून, रखिया किसून, पितळेच्या परातीत पीठ फेटून तयार होतं. आई ओट्याला टेकून उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला की नाही, हे मला आता आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच लाज वाटते. ती म्हणाली, "नंदे, आज मले बरं नाही वाटून राहिलं. उद्या टाकू का?"

आणि मी, जिने इतके हिवाळे तिला गच्चीवर जाऊ नको म्हणून घसा फोडला होता, ती मी म्हणाले, "मग काल डाळ भिजवलीच काहून? उद्यापर्यंत आंबेल ना सगळं! होत नाही तर करायचं कशाला?"

कशावरून चिडले होते? कशावरूनही नाही. उशीर होत होता, डब्याचं झाकण लागत नव्हतं, एवढंच. आईने कमरेचा पंप काढला, दोनदा मारला आणि पदर खोचला. मी हेल्मेट घालून निघाले.

इथे मिनूच्या बोलण्याबद्दल सांगायला हवं. ती तेव्हा सात वर्षांची होती. रायपुरातल्या मराठी घरांत पोरं अशीच बोलतात: शाळेची हिंदी आणि आजीचं मराठी, दोन्ही एकाच घासात. "मम्मी, पोळी पे मुंगी चढली है." "आजी, मेरा दप्तर किधर ठेवली?" आम्हाला त्याचं भारी कौतुक. पाहुणे आले की आम्ही तिला मुद्दाम बोलायला लावायचो आणि पोट धरून हसायचो. कोणता शब्द कुठल्या भाषेतला, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आम्हालाही कधी शिकवावंसं वाटलं नाही.

साडेअकराच्या सुमाराला मी नेहमीसारखा घरी फोन केला. मिनूने उचलला.

"आजी काय करून राहिली?" मी विचारलं.

"आजी खाली है."

हिंदीत खाली म्हणजे रिकामी. आमच्या ऑफिसात दिवसभर तोच शब्द चालतो: खुर्ची खाली है, टेबल खाली है, बडे बाबू अभी खाली हैं. मला वाटलं, आई रिकामी बसली आहे. सकाळची चीड अजून गेली नव्हती. साहेबांनी मागितलेली फाइल सापडत नव्हती, टेबलासमोर दोन माणसं ताटकळत होती. मी म्हटलं, "खाली आहे ना? मग तिला म्हण, वड्या टाकून घे. ऊन वाया चाललं." मिनू "अच्छा" म्हणाली. मी फोन ठेवला.

मिनूने मराठी शब्द वापरला होता. आजी खाली होती. स्वयंपाकघरात, ओट्याशी, फरशीवर पडलेली. गच्ची धुऊन, धोतर अंथरून ती पीठ न्यायला उतरली होती, पुन्हा एकदा फेटताना तिथेच कोसळली होती. सात वर्षांच्या पोरीने जे डोळ्यांना दिसलं ते सांगितलं होतं. आजी खाली आहे. त्यातलं 'है' तेवढं हिंदी होतं.

दीड वाजता देवकी दीदी आपल्या गच्चीवर कपडे काढायला गेल्या. त्यांनी आमच्या गच्चीवर पाहिलं. धोतर अंथरलेलं, चार कोपऱ्यांवर चार विटा, आणि वडी एकही नाही. त्यांना ते काही बरोबर वाटलं नाही. त्यांनी दोन हाका मारल्या आणि तशाच धावत आमच्या घरी आल्या. त्यांनीच रिक्षा आणली, त्यांनीच मला फोन केला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि बोटांच्या पेरांना उडदाचं पीठ वाळून चिकटलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "दो घंटा पहले लाते तो बात अलग होती." ते काही वाईट हेतूने म्हणाले नाहीत. सगळ्यांनाच म्हणत असतील. तिसऱ्या दिवशी सकाळी आई गेली.

त्या पहिल्याच संध्याकाळी, दवाखान्याच्या व्हरांड्यात, मिनू वडिलांच्या मांडीवर बसून सांगत होती, "मैं तो मम्मी को बोली थी ना, आजी खाली है करके." आमचे हे "हो बेटा, हो" म्हणत तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. त्यांच्या काही लक्षात आलं नाही. मी पाण्याची बाटली घेऊन दोन पावलांवर उभी होते. माझ्या लक्षात आलं. मी भिंतीला धरून फरशीवर बसले. लोकांना वाटलं, आईच्या काळजीने. कोणीतरी मला पाणी पाजलं, माझ्याच हातातल्या बाटलीतलं.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. आणि एक गोष्ट मी मिनूला कधी विचारली नाही. तो माझा निरोप, 'वड्या टाकून घे', तो तिने आजीला दिला का? की खेळण्याच्या नादात विसरली? मी स्वतःची समजूत घातली होती की विसरली असणार. सात वर्षांचं पोर ते. देवा, विसरलेली असू दे, एवढंच मी मागत आले. आणि मोठी होऊन तिला त्या शब्दाचा घोटाळा कळू नये, आपल्या बोलण्यामुळे आजी गेली असं तिच्या मनात येऊ नये, म्हणून मी त्या दिवसाचा विषय घरात निघू दिला नाही. कोणी काढला तर मी उठून चहा ठेवायची. सहा वर्षं मी हे सांभाळलं. मला वाटायचं, मी पोरीला वाचवते आहे.

घर विकायचं बोलणं तेराव्यापर्यंत चाललं. मग पाहुणे गेले, हे ड्यूटीवर जाऊ लागले, मी ऑफिसला. मिनूसाठी देवकी दीदींनी आपलं दार उघडं ठेवलं. बसलेली कॉलनी माणसाला अशी सहज उठू देत नाही. सगळं हाताशी असतं आणि सगळे ओळखीचे असतात. हिवाळ्यात काळी पडते, आम्ही पुसतो. मिनू सकाळी खोकते, आम्ही तिला गरम पाणी देतो. ती आता तेरा वर्षांची आहे. मराठी बोलत नाही. अजिबात नाही. आजी गेल्यानंतर हळूहळू सुटलं. नातेवाईक म्हणतात, "काय वं नंदा, पोट्टीला मराठी नाही शिकवली का?" मी शाळेवर ढकलते. तिला विचारलं तर ती म्हणते, "मुझे नहीं आती." मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, असं आमचं चाललेलं असतं.

तर परवा मी तो रखिया घेतला. का घेतला, सांगता येणार नाही. बाईने भाव इतका पाडला होता की न घेता निघायची लाज वाटली, असंही असेल. घरी आले, पिशवी स्वयंपाकघरात फरशीवर ठेवली. मिनू अभ्यास करत होती. तिने पिशवीत डोकावून पाहिलं.

"ये क्यों लाई?" ती म्हणाली.

"वड्या करू म्हटलं यंदा."

"आपको आता है बनाना?"

"आजीचं पाहिलं आहे इतकी वर्षं. जमेल."

ती अभ्यासाकडे परत गेली नाही. पिशवीजवळ उकिडवी बसली आणि रखियावरची पांढरी भुकटी बोटाने पुसत राहिली. बसली होती ती जागा ओट्याशीच होती. मला वाटलं, आता उठावं, चहा ठेवावा. पण परवा माझ्याने उठवलं नाही. मी तिच्यासमोर बसले.

"मिनू," मी म्हटलं, "त्या दिवशी मी फोनवर तुला जे सांगितलं होतं..."

"बोली थी मैं आजी को," ती म्हणाली. मला वाक्य पुरं करावं लागलं नाही.

मग तिने खालमानेने सांगितलं. फोन ठेवून ती आजीजवळ फरशीवर जाऊन बसली. आजीचे डोळे मिटलेले होते आणि श्वासाचा मोठा आवाज येत होता. तिने आजीच्या गालाला हात लावला आणि माझा निरोप दिला, जसाच्या तसा. आजीने डोळे उघडले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

मग सहा वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या लेकीच्या तोंडून मराठी ऐकलं, आईच्या बोलीत, आईच्या धापेसकट.

"हव. टाकतो म्हणा."

मिनू पुढे म्हणाली, "फिर उठने लगी वो. ऐसे हाथ टेक के. दो बार. मैं भी खींची उनको. नहीं हुआ, मम्मी."

मी तिचे दोन्ही हात धरले. ते गार पडले होते. "मिनू, तुझी काही चूक नव्हती," मी म्हटलं. मी रडत होते. "तू बरोबर सांगितलं होतंस. मीच भलतं समजले. चूक माझी होती, बेटा. माझी होती."

तिने माझ्याकडे पाहिलं. लहान पोराची समजूत घालताना मोठी माणसं पाहतात तसं.

"मालूम है," ती म्हणाली. "इसीलिए तो आपको कभी बताया नहीं."